उतरताना माणूस जड होतो

पहाडीवरून खाली येणाऱ्या प्रत्येकाला तो पायातलं काढायला लावायचा. बूट असतील तर बूट, चप्पल असेल तर चप्पल. काढलेला बूट स्वतःच्या हातात घ्यायचा, टाच वर करून त्यावर तीनदा थाप मारायचा आणि खाली पडलेली माती बोटाने पसरून पाहायचा. मग बूट होता त्याच जागी ठेवायचा, पण उपडा. उपडा बूट म्हणजे तपासून झालेला. सुलटा म्हणजे राहिलेला. शाळेची सहल आली की पायथ्याच्या मोकळ्या जागेत पन्नास-साठ जोडे ओळीने उपडे पडलेले दिसायचे आणि मुलं अनवाणी उभी राहून आपापला जोडा शोधायची.

तो त्या जागेचा चौकीदार होता. त्याचं नाव मला माहीत आहे, पण इथे देत नाही. गावाचंही देत नाही. त्यामागे कारण आहे आणि ते पुढे येईल.

जोड्यांच्या तपासणीआधी एक फळी लागायची. पायथ्याशी छोटा नाला होता आणि त्यावर त्याने जाड लाकडी फळी टाकली होती. वर जाणारा माणूस फळीवरून गेला की ती करकरायची. तो डोळे मिटून ऐकायचा. तोच माणूस दोन-तीन तासांनी परत आला की पुन्हा डोळे मिटायचा.

"चढतेवक्ती मानूस हलका असते," तो म्हणायचा. "उतरतेवक्ती जड होते. फळीले समजते."

एकदा भंडाऱ्याचे एक स्थूल व्यापारी उतरत होते. फळी जोरात करकरली. चौकीदाराने हात आडवा केला.

"अरे बापा, वर डबा खाल्ला म्हणून जड झालो," व्यापारी म्हणाले.

"डबा त तुमीच वर नेला होता जी. पोटात असो का हातात, वजन तेच."

त्याने व्यापाऱ्यांना धोतर झटकायला लावलं. त्यांच्या धोतराच्या सोग्यात मुठीएवढा एक दगड निघाला. चौकीदाराने तो उलटसुलट पाहिला, नुसता गोटा आहे म्हणाला आणि परत त्यांच्याच हातात दिला. "हा नेऊ शकता. पन वर ठेवून आले असते त बरं झालं असतं."

ती जागा अशी होती. भंडारा जिल्ह्यात वैनगंगेला लागून एक टेकडी आहे. तीन बाजूंनी चढ सोपा, चौथ्या बाजूने नदीने ती सरळ कापून काढलेली. त्या कड्याच्या वेगवेगळ्या थरांत हाडं आहेत. ती इतकी जुनी की त्यांचा दगड झालेला. गावातले लोक तिला राकसाची पहाडी म्हणत आले. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला एका सरकारी खात्याने वर उद्यान केलं. तीन पायवाटा आखल्या, झाडांवर पिवळे बाण काढले, सिमेंटची बाकं बसवली, कड्याच्या तोंडाशी लोखंडी कठडा लावला. पायवाटांच्या कडेने उघडी पडलेली तेवीस हाडं, दात आणि शिंपले निवडून त्यांना क्रमांक दिले. पांढऱ्या ऑइलपेंटने हे क्रमांक चौकीदाराने स्वतः घातले होते. त्याचा पाच वेगळा होता. पाचाचं शेपूट तो इतकं लांब ओढायचा की ते दगडाच्या कडेवरून खाली उतरायचं.

चौकीदार होण्याआधी त्याने बरीच वर्षं जमीनमोजणीवाल्यांची साखळी ओढली होती. एकदा मोजलेली वस्तू मोजली तिथेच सापडली पाहिजे, हे त्याच्या डोक्यात तिथून पक्कं झालं होतं. रोज सकाळी आणि रोज संध्याकाळी तो तेवीसच्या तेवीस हाडं पाहून यायचा. त्याला माणसांचा संशय होता, शेळ्यांचा होता, कावळ्यांचा होता. बायको दुपारचं जेवण घेऊन वर यायची तर परतताना तिचीही बांबूची डाली उलटी करून पाहायचा.

"डालीत भात होता, राकस नाई," ती खालूनही ऐकू येईल इतक्या मोठ्याने सांगायची. "मी पडून माझे हाडकं मोडले असते तरी या मानसाले माझ्या अंगातले कोनते आन पहाडीचे कोनते, हेच पयले पाहाचं असतं."

त्याच्याजवळ एक लांबट वही होती. आलेल्यांची नोंद तो नावाने करत नसे. "नाव खोटं सांगता येते," तो म्हणायचा, "जोडा खोटा सांगता येत नाई." म्हणून नोंदी अशा असत: जाडा, चष्मा, कोल्हापुरी, अंगठा तुटका. किंवा: मास्तर, काळे बूट, एक नाडी सुतळीची. शेवटच्या रकान्यात तपासणीत काय निघालं ते. एकदा एक मोठे साहेब सहकुटुंब आले. चौकीदाराने बाईंना सँडल काढायला सांगितल्यावर साहेब चिडले. बाई हसल्या आणि त्यांनी काढून दिले. त्यात काही नव्हतं. साहेबांच्या डाव्या बुटात दोन दगडी शिंपले निघाले.

"चालताना आपोआप गेले असतील," साहेब म्हणाले.

त्याने वहीत लिहिलं: साहेब, तपकिरी बूट, शिंपले दोन, आपोआप. त्यानंतर 'आपोआप' हा त्याच्या वहीतला नेहमीचा शेरा झाला. मी ती वही चाळली आहे. शिकलेल्या माणसांपुढे तो शेरा जास्त वेळा आहे.

मी तेव्हा नागपूरच्या एका दैनिकाचा भंडाऱ्याचा बातमीदार होतो. उद्यान सुरू झाल्याच्या पहिल्या-दुसऱ्या हिवाळ्यात रविवारच्या पुरवणीसाठी लेख करायला गेलो. दिघोरीकडे जाणाऱ्या एसटीने फाट्यावर उतरलो आणि उरलेलं अंतर चाललो. तिन्ही पायवाटा पाहिल्या, तेवीसही क्रमांकांचे फोटो काढले. क्रमांक नऊ हा एक दात होता, चिंचोक्याहून थोडा मोठा, काळपट, वरून झिजलेला. त्यावर आकडा मावत नव्हता म्हणून शेजारच्या खुंटीवर लिहिलेला होता.

तो दात मी उचलला. त्याचं कारण देता येत नाही. आसपास कोणी नव्हतं, तो सैल होता आणि हातात नीट बसत होता. कॅमेऱ्याच्या चामडी केसला आतून एक कप्पा होता, त्यात ठेवला.

खाली फळी करकरली. त्याने डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. बूट तपासले, खिसे पाहिले, झोळी पाहिली. मग केसकडे बोट केलं.

"या डब्यात काय हाय?"

"कॅमेरा."

"उघडा."

"उघडला तर फिल्म जळेल," मी म्हणालो.

"जळते म्हंता?"

"जळते."

त्याने केसवरून एकदा बोट फिरवलं. "मंग राहू द्या," म्हणाला आणि माझे बूट उपडे ठेवले. केस उघडल्याने फिल्म जळत नाही. कॅमेऱ्याची पाठ उघडली तर जळते. हा फरक त्याला माहीत नव्हता, मला होता.

लेख छापून आला. दात माझ्या टेबलाच्या खणात गेला.

त्याला तेवीस क्रमांक ठरवून देणारे नागपूरच्या एका महाविद्यालयातले भूगर्भशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांच्याबद्दल तो सुरुवातीला फार आदराने बोलायचा. हाड म्हणजे काय, दगड म्हणजे काय, ते कुठल्या थरात सापडलं याला महत्त्व का, हे सगळं त्याला त्यांनीच शिकवलं होतं. पुढे ते एकदा आले आणि क्रमांक चौदा, म्हणजे जबड्याचा तुकडा, ओळख पटवण्यासाठी नेतो म्हणाले. चौकीदाराने पावती मागितली. प्राध्यापकांनी वहीचं पान फाडून लिहून दिली. जबडा परत आला नाही. चौकीदाराने दोनदा पत्र टाकलं. उत्तर आलं नाही. ती पावती त्याने रेशनकार्डाच्या पत्र्याच्या डबीत जपून ठेवली होती आणि विचारलं की काढून दाखवायचा.

"शिकलेला मानूस चोरत नाई जी," तो म्हणायचा. "नेते."

याच सुमारास कधीतरी त्याच्या वागण्यात बदल झाला, असा हिशेब मी पुढे मांडला. तेव्हा माझ्या लक्षात आलं नव्हतं.

आणखी एक लहान बातमी त्या वर्षांतली आहे. पहाडीच्या पायथ्याला, गावाच्या वेशीबाहेर, नदीकडे जाणाऱ्या वाटेवर साती आसरांचं ठाणं होतं. कडुनिंबाखाली शेंदूर लावलेले सात दगड, पाण्याच्या सात बहिणी. एका पुरात ते सातही वाहून गेले. दोन वर्षांनी गावकऱ्यांना त्याच कडुनिंबाखाली एक दगड दिसला. मग दुसरा. बहिणी एकेक करून परत येत आहेत असं गावाने ठरवलं आणि प्रत्येकीला शेंदूर चढवला. मी त्यावर चौकटीत दोन परिच्छेद दिले होते. बातमी हलकीफुलकी होती. खाली माझं नाव नव्हतं.

सत्तरच्या दशकाच्या अखेरीस मी तिसऱ्यांदा पहाडीवर गेलो तेव्हा क्रमांक पाचपाशी थांबलो. माझ्या जुन्या फोटोत पाच म्हणजे मनगटाएवढं जाड हाड होतं, एका टोकाला वाटीसारखी खोबण असलेलं. आता समोर होता तो लांबट दगड. त्यावर पांढरा पाच, लांब शेपटाचा.

"हे तेच आहे का?" मी विचारलं.

"तेच हाय."

"फोटोत खोबण दिसते."

"फोटोत बरंच दिसते," तो म्हणाला.

मी बाकीचे क्रमांक जुन्या फोटोंशी ताडून पाहिले. नऊ जागी वस्तू बदललेली होती. क्रमांक नऊच्या खुंटीशेजारी एक काळा खडा ठेवलेला होता. त्याच्याकडे पाहून मी पुढे गेलो.

पुढच्या काही आठवड्यांत मी त्याच्यावर नजर ठेवली. फाट्यावरच्या पानठेलेवाल्याने सांगितलं, "बुढा सोमवारी सोमवारी भंडाऱ्याले जाते. जातेवक्ती थैली अशी वाकून रायते का खांदा उतरते. येतेवक्ती रिकामी." एका सोमवारी मी भंडाऱ्याच्या पितळी भांड्यांच्या बाजारात थांबलो. तो आला. थैली खरोखर जड होती. तो एका दुकानाच्या मागच्या बाजूला गेला, दुकानदाराशी खालच्या आवाजात बोलला आणि रिकाम्या थैलीने बाहेर आला. मी दुकानदाराला विचारलं. तो म्हणाला, "गिऱ्हाईकाचं काय ते गिऱ्हाईकाले विचारा." हे वाक्य मी बातमीत जसंच्या तसं वापरलं. संशय वाढवायला ते पुरेसं होतं.

बातमी पहिल्या पानावर खाली लागली. नऊ जीवाश्म बेपत्ता, त्यांच्या जागी साधे दगड, चौकीदाराच्या भंडाऱ्यातल्या फेऱ्या संशयास्पद. मी नऊ लिहिलं. त्यातला एक माझ्या खणात होता. आठ लिहिलं असतं तरी बातमी तेवढीच मोठी झाली असती. पण मग कुणीतरी यादी घेऊन बसलं असतं आणि नवव्याचं काय, असं विचारलं असतं.

पंचनाम्याला खात्याचे एक अधिकारी आले, एक भूगर्भशास्त्रज्ञ आले, सरपंच होते आणि मी होतो. काम सुरू करण्याआधी सरपंचांनी सगळ्यांना आसरांच्या ठाण्यावर नेलं. गावात कुठलंही सरकारी काम नारळ फोडल्याशिवाय सुरू होत नसे. सगळ्यांनी जोडे काढले. नारळ चौकीदारानेच फोडला. सात दगड शेंदराने लालभडक होते. वर फांदीला एक नवी पितळी घंटा बांधलेली होती. अधिकारी पाया पडले, शास्त्रज्ञ पाया पडले, मीही मधल्या दगडावर डोकं टेकलं. खोबरं खाऊन आम्ही वर गेलो.

वर शास्त्रज्ञांनी माझ्या यादीवर शिक्कामोर्तब केलं. चौदा अस्सल, नऊ साधे दगड.

"बाकीचे कुठे आहेत?" अधिकाऱ्यांनी चौकीदाराला विचारलं.

"हायेत जी. चोरीले नाई गेले."

"मग दाखव."

त्याने पत्र्याची डबी बाहेर काढली. मग त्याने डबी उघडून प्राध्यापकांची पावती पुढे केली. "एक यांनी नेला. चौदा नंबर."

"यावर शिक्का कुठे आहे?"

"शिक्का नाई. सही हाय."

"असल्या कागदाला काय किंमत? उरलेले आठ?"

उरलेल्या आठांतला एक माझ्याकडे होता. मी वहीत लिहून घेत होतो. त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं, केसकडे पाहिलं, आणि पुन्हा अधिकाऱ्यांकडे वळला. "लिवा जी तुमाले काय लिवाचं थे," म्हणाला.

त्याला काढून टाकण्यात आलं. पायथ्याची खोली सोडून नवराबायको गावातल्या पडक्या घरात राहायला गेले. मी पाठपुराव्याच्या चार ओळी दिल्या.

त्याच्या जागी शिट्टी वाजवणारा चौकीदार आला. तो फळीवर डोळे मिटत नसे. कोणाचे जोडे काढायला लावत नसे, त्यामुळे पाहुणे खूश होते. तीन-चार पावसाळ्यांत उरलेले चौदाच्या चौदा गेले. त्याचा पंचनामा झाला नाही. मीही बातमी केली नाही, कारण कोणावर संशय आहे असं सांगायला कोणी नव्हतं.

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस गोसीखुर्दच्या धरणाचं काम निघालं आणि कुठली गावं पाण्यात जाणार याच्या याद्या फिरू लागल्या. त्या गावांतून फिरत असताना मी या गावात पोचलो. घरांच्या भिंतींवर मोजणीच्या खुणा होत्या. वेशीबाहेर कडुनिंबाखाली पाच मिनिटं सावलीला बसलो.

शेंदराचे थर फार झाले की कधीतरी ते आपोआप सुटतात. वर्षानुवर्षं तेल आणि शेंदूर चढत जातो, त्याचं जाड कवच बनतं आणि एक दिवस ते तडकून गळून पडतं. मधल्या आसरेचं कवच असं अर्धं गळून पडलं होतं. आतला दगड उघडा पडला होता. मनगटाएवढा जाड, एका टोकाला खोबण. कुशीवर पांढऱ्या रंगातला पाच, आणि त्याचं शेपूट दगडाच्या कडेवरून खाली उतरलेलं.

मी बाकीच्या सहांकडे पाहिलं. आकार फोटोंशी जुळत होते. सात इथे, एक प्राध्यापकांकडे, एक माझ्या खणात. बेरीज नऊ झाली. पंचनाम्याच्या दिवशी आम्ही सगळे जोडे काढून याच दगडांच्या पाया पडून वर गेलो होतो आणि वर जाऊन हेच दगड शोधत होतो.

चौकीदार शेतावर गेला होता. मी चार फोटो काढले आणि भंडाऱ्याला परतलो. रोल संपला नव्हता, म्हणून धुवायला दिला नाही.

आठ दिवसांनी पुन्हा गेलो. दात खिशात होता, कॅमेरा केसमध्ये. नोकरीत माझी वीस वर्षं होत आली होती आणि दुरुस्तीची बातमी मी त्याआधी कधी लिहिली नव्हती. ही लिहायची ठरवलं होतं. मजकूर जुळवून ठेवला होता: जीवाश्म चोरीला गेले नव्हते, चौकीदाराने ते वाचवले होते, सोबत छायाचित्र.

तो ठाण्यापाशीच होता. म्हातारा झाला होता. ठाण्याची झाडलोट आता तोच करायचा. बायको ओट्यावर बसून तांदूळ निवडत होती. मी बूट काढले, वाटेच्या कडेला ठेवले आणि पाया पडायला पुढे गेलो. मधली आसरा पुन्हा शेंदराने झाकलेली होती. शेंदूर ओला होता.

"पाहून गेले म्हंते पेपरवाले," मी मागे वळलो तेव्हा तो वाटेकडून परत येत म्हणाला. "गुराख्यानं सांगतलं. फोटो काढले चार."

"तुम्ही तेव्हा सांगितलं का नाही?"

"सांगतलं असतं त काय झालं असतं? साहेबानं पोत्यात भरून नेले असते. शिक्का मारून पावती देली असती." तो शेंदराची वाटी पुसत होता. "वर मी येकटा होतो. किती जोडे झटकू? तुमी सगळे वर जाता, हात लावता, उचलता. इथं कोनी हात लावते का? जोडे बी सांगा लागत नाई. आपलेआपच काढते."

"गावाला माहीत आहे?"

"काय माहीत पायजे? बहिणी वाहून गेल्या, परत आल्या. नदीनंच काढल्या पहाडीतून. मी फक्त खाली आनल्या."

मग मी घंटेबद्दल विचारलं. उत्तर त्याच्या बायकोने दिलं.

"घंटा नाई टांगली त देव पक्का वाटत नाई म्हने. घरातलं फुटकं पितळ सगळं थैलीत घालून घालून भंडाऱ्याले नेलं आन दुकानदाराले मोडीत देलं. माझ्या लग्नातला पान्याचा गुंड बी गेला त्यात. थ्या दुकानदाराले मनाई केली होती, कोनाले सांगजो नको, माझी बाई भांडन म्हनून." तिने सूप खाली ठेवलं. "भाऊ, तुमी छापा. दहा वर्सं झाले, पान्यावर गेली का बाया म्हंते, आली चोराची बायको. छापा म्हंतो मी."

"छापणार आहे," मी म्हणालो. "फोटोसकट."

ती त्याच्याकडे पाहत होती. तो माझ्याकडे पाहत नव्हता. भिंतींवरच्या मोजणीच्या खुणांकडे बोट करून म्हणाला, "हे गाव उठनार हाय. आज नाई त दहा वर्सांनं. गाव उठते थ्या वक्ती काय काय नेते मानूस? दारं नेते, बैल नेते. आन देव नेते. हे सात देव हायेत तोपर्यंत कोनी ना कोनी खांद्यावर घेऊन जाईन. तुमी छापलं का हे हाडकं होते. हाडकं कोनी नेत नाई. पान्याखाली जाते, नाई त तुमच्या नागपूरले."

"आणि तुमचं नाव?"

"माझं काय नाव? चौकीदार होतो. येक गोष्ट मात्र चुकली माझी." त्याने वाटी खाली ठेवली. "मी मंग भंडाऱ्याच्या येका फोटोवाल्याले इचारलं. थो म्हने, डबा उघडल्यानं फिलम जळत नाई. मशीनची पाठ उघडली त जळते."

"केव्हा विचारलं?"

"तुमी पयल्यांदा आले होते ना, त्याच्या दुसऱ्या सोमवारी."

म्हणजे पंचनाम्याच्या दिवशी त्याला माहीत होतं.

"मग अधिकाऱ्यांना का नाही सांगितलं?"

"काय सांगू? का मी डबा न पाहता सोडला? चौकीदार मी होतो. चूक माझी झाली. तुमी त नेलं. तुमी शिकलेले."

मी खिशातून दात काढून त्याच्या हातावर ठेवला. त्याने तो उन्हात धरला, झिजलेली बाजू अंगठ्याने चाचपली आणि तेलाच्या वाटीत बुडवला. शेंदूर लावला. मधल्या आसरेच्या पायाशी मातीत रोवला. आता तो ओळखू येत नव्हता. पुढे येणाऱ्या कोणाला ते बहिणीचं लेकरू वाटलं असतं.

मग त्याने कॅमेऱ्याकडे बोट केलं.

"उघडा."

मी केस उघडली. आतला कप्पा उलटा करून दाखवला.

"डबा नाई," तो म्हणाला. "पाठ."

"त्यात चार फोटो आहेत. तेवढाच पुरावा आहे. तो गेला तर मी काही छापू शकत नाही."

"जळते ना?"

"जळते."

बायको उठून उभी राहिली. "काहून हट्ट करता जी? येकदा तरी लोकाले समजू द्या ना."

त्याचं बोट कॅमेऱ्याकडे तसंच होतं. भर दुपार होती. मी खटका दाबला, पाठ उघडली आणि रोल बाहेर ओढला. करड्या रंगाची ती पट्टी उन्हात लोंबत राहिली. तिने ती पाहिली, सूप उचललं आणि गावाच्या दिशेने चालायला लागली. वळून पाहिलं नाही.

मी त्याला नमस्कार केला. त्याने मान हलवली. पुढच्या उन्हाळ्यात तो गेला असं मला बऱ्याच उशिरा कळलं. त्याच्याविषयी मी त्यानंतर काही लिहिलं नाही. चोरीची ती बातमी दैनिकाच्या जुन्या अंकात अजून तशीच आहे. गाव नंतर उठलं. कुठे गेलं ते मला माहीत आहे, पण नाव दिलेलं नाही.

त्या दुपारी मी वाटेच्या कडेला आलो. पाया पडायला जाताना मी बूट सुलटे ठेवले होते. ते आता उपडे होते. शेजारी थोडी माती पडलेली होती, बोटाने पसरलेली.